शिवारातलं ताटात

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या दिवशी हिंगोलीच्या भाजीबाजारात एक वेगळा वाटा मांडलेला दिसतो. मूठभर गवार, एक दोडका, भोपळ्याची फोड, चार भेंड्या, अंबाडीची जुडी सोडून काढलेल्या दोन काड्या, आळूचं पान, एखादं करटुलं, थोडा शेपू. सोळा भाज्या एका ठिकाणी. नैवेद्याला सोळा लागतात, म्हणून बाई वाटा उचलते, पैसे देते आणि पुढे फुलांकडे वळते. माझ्या आईच्या काळात हा वाटा विकत मिळत नसे, कारण तो कुणाला लागत नसे. पाच-सहा भाज्या परसात, चार बांधावर, तीन-चार कापसाच्या तासांत, आणि उरलेल्या शेजारच्या आखाड्यावरून मागून आणायच्या. मागताना आपल्याकडची काकडी द्यायची. आता वाटा विकत घेणारी बाई अनेकदा शेतकऱ्याच्याच घरची असते. तिच्या घरी चार एकर सोयाबीन उभं असतं.

शेत दाराशी आहे आणि भाजी बाजारातून येते, या एका गोष्टीभोवती हा सगळा प्रश्न फिरतो. स्थानिक शेती आणि स्थानिक ताट जोडावं, त्यातून लोकांना सकस अन्न मिळावं, असं आज सगळेच म्हणतात. त्यासाठी योजना आहेत, अभियानं आहेत, शेतकरी कंपन्या आहेत, शाळेतल्या परसबागा आहेत. यातलं काय हिंगोलीसारख्या जिल्ह्यात चालतं, काय अडतं आणि कुणापर्यंत पोचतं, ते एकत्र मांडून पाहायला हवं.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा आहे : हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. शंभरातली पंच्याऐंशी माणसं खेड्यात राहणारी. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या नद्या, येलदरी-सिद्धेश्वर आणि इसापूर ही धरणं. वसमतच्या काळ्या जमिनीला कालव्याचं पाणी मिळतं. सेनगाव आणि औंढ्याचा डोंगराळ भाग पावसाकडे तोंड करून बसलेला असतो. सिंचनाचा अनुशेष भरून काढण्याची मागणी इथे जिल्हा झाल्यापासून चालू आहे. हळदीच्या क्षेत्रात हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळद घेऊन शेजारच्या जिल्ह्यांतले शेतकरीही येतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि वसमतलाच हळद संशोधन केंद्र उभं राहत आहे. वसमत-कळमनुरीच्या पट्ट्यात केळी आहे, ऊस आहे. उरलेल्या सगळ्यावर खरिपात सोयाबीन आणि त्यात तूर.

म्हणजे पिकवण्यात हा जिल्हा कमी नाही. ताट पाहिलं की मात्र वेगळं चित्र दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. लहान मुलांमधला रक्तक्षय ५४ टक्क्यांवरून जवळजवळ ६९ टक्क्यांवर गेला. या पाच वर्षांत राज्यात दुष्काळाने धान्य संपलं नव्हतं, रेशनचा गहू-तांदूळ येतच होता. पोट भरत होतं आणि रक्त कमी होत होतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या. त्यात एका माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो भाजी. सरासरी चाळीस रुपये किलो धरले तरी रोजचे ऐंशी रुपये. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. ज्या दिवशी काम मिळतं त्या दिवशी मजुरीचा चौथा हिस्सा नुसत्या भाजीत जाणार. ज्या दिवशी मिळत नाही त्या दिवशीचं बोलायलाच नको. म्हणून बाजारच्या दिवशी बटाटे, कांदे, वांगी आणि टिकेल ते घेतलं जातं. पालेभाजी पहिल्या दिवशी होते आणि आठवड्याचे उरलेले दिवस वरण, बेसन किंवा नुसता ठेचा. गरीब घराला भाजीचं महत्त्व कळत नाही, असं शिबिरांतून ऐकायला मिळतं. ते खरं नाही. हिशेब त्या घराला चांगला कळतो.

हे कसं झालं? एका रात्रीत झालेलं नाही. जुनी पेरणी मिसळीची होती. तिफणीमागे सरत्यावर मूठ धरणारी बाई चालायची, आणि ज्वारीत किंवा कापसात तूर, मूग, उडीद, चवळी, अंबाडी, तीळ यांची तासं पडत जायची. त्या मुठीत घरचं वर्षाचं कोरड्यास ठरत असे. १९६४ साली संकरित ज्वारीचं पहिलं वाण आलं, घरोघरी ‘हायब्रीड’ हा शब्द रुळला, धान्य वाढलं. १९७२च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो लोकांनी खाल्ली आणि सुकडीवर दिवस काढले. ती चव अजून म्हाताऱ्या माणसांना आठवते. नव्वदीनंतर सोयाबीन आलं आणि पुढच्या वीस वर्षांत खरिपाची ज्वारी, मूग, उडीद यांना त्याने बाजूला सारलं. याबद्दल शेतकऱ्याला दोष देणं मला मान्य नाही. सोयाबीन साडेतीन महिन्यांत मोकळं होतं, ट्रॅक्टरने पेरता येतं, मळणीयंत्रातून निघतं आणि मोंढ्यात त्याच दिवशी पैसे मिळतात. ज्वारीला पाखरं राखायला माणूस लागतो. रानडुकरं आणि रोही रात्रीत वावर आडवं करतात. काढणीला मजूर मिळत नाही. तरीही पेरलीच, तर हमीभावाने घेणारं कुणी वेळेवर उभं राहील याची खात्री नसते.

पण सोयाबीन हे आपल्या ताटात येणारं पीक नाही. ते तेलगिरणीत जातं, पेंड होऊन कोंबड्यांकडे जातं. शेतकऱ्याच्या हातात येतात पैसे, आणि त्या पैशातून घरी येतं पामतेल, पिशवीतला गहू आणि बिस्किटाचा पुडा. जवस गेलं, त्याबरोबर जवसाची चटणी गेली. करडई गेली, तिच्याबरोबर हिवाळ्यातली करडईची कोवळी भाजी आणि घाण्याचं तेल गेलं. तणनाशक आलं आणि वावरातली घोळ, पाथरी, तांदूळजा, तरोटा हे सगळं ‘तण’ या एका शब्दात जळून गेलं. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी ओट्यात भाजी घेऊन यायची. ती भाजी कुठल्याच आकडेवारीत कधी नोंदली गेली नव्हती, म्हणून ती गेली तेव्हाही कुठे नोंद झाली नाही. मला वाटतं, या भागातल्या बायांच्या रक्तक्षयाचा एक धागा या ओट्यात सापडेल.

शेत आणि ताट जोडण्याचा पहिला रस्ता म्हणूनच आपल्याच शेतातून आपल्याच घरात जाणारा आहे. ‘उमेद’ अभियानाच्या बचत गटांनी पोषण परसबागा गावोगाव नेल्या आहेत. जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला आहे. दोन-तीन गुंठ्यांत वर्षभर आलटून पालटून काय लावायचं, याचं ज्ञान आज कुणालाही मिळू शकतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणं जपून जे काम उभं केलं, त्याला २०२० साली पद्मश्री मिळाली, आणि अनेक गावांत बाया वालाचं, भोपळ्याचं बी पुन्हा राखेत घोळून ठेवू लागल्या.

परसबागेइतकंच महत्त्वाचं काम मराठवाड्याच्याच दुसऱ्या टोकाला झालं. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात काम करू लागलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे दुष्काळाच्या वर्षांत ‘एक एकर’ची पद्धत रुजवली. घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या हाती द्यायचा. त्यात काय पेरायचं ते ती ठरवणार : डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी, थोडी मिरची. आधी घर खाईल, उरलेलं विकेल. या प्रयोगातली खरी ताकद बियाण्यात किंवा खतात नाही, ती ‘ती ठरवणार’ या दोन शब्दांत आहे. सातबारा पुरुषाच्या नावावर असतो, पेरणीचा निर्णय मोंढ्यातल्या भावावर होतो आणि चूल बाईकडे असते. एक एकराचा निर्णय चुलीकडे आला की तासं पुन्हा मिसळीची होतात. हिंगोलीत हे सहज करता येण्याजोगं आहे. अगदी हळदीच्या वावरातसुद्धा. हळदीचे बेड पहिले दीड-दोन महिने मोकळेच दिसतात. तेवढ्यात मेथी, कोथिंबीर निघून जाते. कडेला शेवग्याची चार झाडं लावली तर ठिबकवर वेगळा भार पडत नाही.

तरी या रस्त्याची मर्यादा स्पष्ट आहे. ज्याच्याकडे जमीन आहे, पाणी आहे आणि जो घरी आहे, त्याच्यासाठी तो आहे. सेनगाव, औंढा, कळमनुरीतल्या तांड्यांवरची आणि आंध आदिवासी वस्त्यांवरची अनेक कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईकडे निघतात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्यांच्या दाराशी लावलेल्या वेलाला पाणी कोण घालणार? भूमिहीनाला परसबाग सांगणं म्हणजे त्याचा प्रश्न त्याच्याच अंगणात ढकलून देणं आहे.

दुसरा रस्ता बाजाराचा. शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावं ही कल्पना जुनी आहे. चंदीगडला १९८७ साली ‘अपनी मंडी’ सुरू झाली. १९९९ मध्ये आंध्र प्रदेशात रयतू बाजार आणि तामिळनाडूत मदुराईपासून उळवर संदै आली. सरकारने जागा दिली, ओळखपत्रं दिली, शेतकऱ्याला एसटीने माल आणायची सोय केली, भाव फळ्यावर लिहिले. महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा झाला आणि त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. ते बहुतेक पुण्या-मुंबईत, मोठ्या सोसायट्यांच्या आसपास भरतात. त्यात वाईट काही नाही. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात, शहरातल्या माणसाला ताजी भाजी मिळते. मात्र ज्या घरात रोजच्या भाजीला पैसे नाहीत, त्या घराचं ताट यातून भरत नाही.

हिंगोलीला आठवडी बाजार नव्याने सुरू करायची गरज नाही. तो पिढ्यान् पिढ्या भरतो आहे. गरज आहे ती त्या बाजारात माळवं कुठून येतं हे पाहण्याची. गावातला शेतकरी टोपलंभर वांगी, दोन कॅरेट टोमॅटो तोडतो, ती शहराच्या यार्डात नेतो, तिथे पहाटेच्या बिटात आडत्याकडे ती विकली जातात, हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडते. त्याच यार्डातून फिरता विक्रेता माल उचलतो आणि तीच वांगी दुपारी त्याच गावाशेजारच्या बाजारात विकायला बसतो. वांग्याने वीस किलोमीटर जाऊन वीस किलोमीटर परत यायचं, मधल्या दोघांनी आपला वाटा घ्यायचा, आणि शेवटी शेजाऱ्याने ती महाग घ्यायची. मधल्या माणसांना शिव्या देऊन हे सुटत नाही. ते उधार देतात, रोज माल उचलतात, पावसात-थंडीत उभे राहतात. ही कामं दुसरं कुणी नियमित करणार असेल तरच त्यांची जागा रिकामी होईल.

केळीचं उदाहरण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वसमत-कळमनुरीच्या रस्त्यावर केळीचे घड कापून ट्रकमध्ये रचताना पाहिले आहेत. हिरवेगार, दगडासारखे टणक. खाली पाचट, वर पाचट, मध्ये घडांचे थर. ही केळी उत्तरेत जातात, काही आखाती देशांत जातात, आणि तिकडे पिकवणीच्या खोल्यांत पिवळी होतात. ट्रकच्या बाजूला घड वाहणाऱ्या मजुरांची मुलं खेळत असतात. त्यांच्या हातात पिकलेलं केळं असतं ते फाटलेल्या, नाकारलेल्या फणीतलं. चांगली फणी गावातल्या दुकानात येतच नाही, कारण गावात पिकवणीची सोय नाही आणि घेणारा ठरलेला नाही.

हळदीचंही थोडं असंच आहे. जगाला हळद देणाऱ्या जिल्ह्यातल्या किराणा दुकानात दहा रुपयांची परगावची पुडी लटकलेली असते. सकस अन्नाच्या चर्चेत भेसळीचा विषय क्वचितच येतो, पण तो यायला हवा. बांगलादेशात हळकुंडाला पिवळा रंग चढवण्यासाठी शिसं असलेलं रसायन वापरलं जात होतं. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं; संशोधकांनी आणि सरकारने मिळून लोकांना सांगितलं, धाडी घातल्या, आणि दोन वर्षांत ते प्रमाण शून्यावर आलं. शिसं लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. ज्या गावात हळद शिजते, वाळते, पॉलिश होते, त्या गावच्या गटाने ती दळून त्याच तालुक्यात विकली, तर रंगाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण घेणारी बाई दळणारीला ओळखते. केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेत हिंगोलीसाठी हळद हेच पीक निवडलेलं आहे. दळणयंत्रं आली आहेत, कंपन्या झाल्या आहेत. सगळ्यांच्या नजरा मात्र निर्यातीकडे लागलेल्या आहेत. निर्यात व्हावीच, घरची पुडीही घरचीच असावी.

आता तिसरा रस्ता, आणि माझ्या मते सगळ्यात रुंद. गावात एक ग्राहक असा आहे की जो रोज जेवण शिजवतो, ज्याचा आकडा आदल्या दिवशी माहीत असतो, जो पाऊस असो वा नसो येतोच. तो म्हणजे शाळा आणि अंगणवाडी. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५. शंभर लहान मुलांची शाळा धरा. रोजची पाच किलो भाजी, वर्षाच्या सव्वादोनशे दिवसांत अकरा क्विंटल. दहा-पंधरा गुंठ्यांच्या नीट राखलेल्या माळव्याइतकी ही गरज आहे. डाळ रोज दोन किलो, वर्षाला साडेचार क्विंटल : दोन एकर कोरडवाहू तूर. म्हणजे प्रत्येक गावात एका-दोघा शेतकऱ्यांची वर्षभराची बाजारपेठ गावाच्या शाळेतच उभी आहे.

ती वापरली का जात नाही? तांदूळ अन्न महामंडळाकडून येतो, डाळ-तेल-मसाला पुरवठादाराच्या गाडीतून येतो. तुरीच्या जिल्ह्यातल्या शाळेत डाळ बाहेरून उतरते. पण भाजी आणि इंधनाचे पैसे शाळेकडेच येतात. म्हणजे भाजीपुरता हा रस्ता आजही मोकळा आहे, नवा कायदा लागत नाही. अडचण पैशाच्या आकड्यात आणि वेळेत आहे. मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोजचा साहित्यखर्च ६ रुपये ७८ पैसे धरला आहे आणि त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं बसवायचं आहे. तोही महिनोन् महिने उशिरा येतो. मग मुख्याध्यापक उधारीवर बटाटे आणतात, कारण उधारी किराणा दुकानदार देतो, शेतकरीण देऊ शकत नाही. तिला आठवड्याच्या आठवड्याला पैसे लागतात. मी ज्या-ज्या शाळांत हा विषय काढला तिथे सगळ्यांनी हेच सांगितलं : भाजी गावात आहे, पैसे वेळेवर नाहीत. पंधरा दिवसांत पैसे देण्याची हमी, एवढी एकच गोष्ट बदलली तरी निम्मं काम होईल.

अंड्या-केळ्यांची गोष्ट याच वाटेवरची. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा मुलांना अंडं द्यायला सुरुवात केली. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळी किंवा स्थानिक फळ. गावठी कोंबड्या पाळणाऱ्या बायांना आणि केळीवाल्या शेतकऱ्यांना हा ठरलेला ग्राहक मिळणार होता. मुलंही त्या दिवशी जास्त येत. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून अंडी द्यावीत असं सांगितलं. ज्या गावातले पालक स्थलांतरावर आहेत, तिथे लोकसहभाग कुठून येणार? हा निर्णय चुकीचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंगणवाडीचा इतिहास आणखी बोलका आहे. एकात्मिक बालविकास योजना १९७५ची. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, स्थानिक महिला गटांना काम द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने अन्न अधिकाराच्या खटल्यात २००४ सालीच सांगितलं. तरी पाकिटं मोठ्या पुरवठादारांकडून येत राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये महाराष्ट्रातली अशी एक निविदा प्रक्रिया न्यायालयाने रद्द केली. तिच्या अटी अशा होत्या की गावपातळीवरचे बचत गट त्यात पात्रच ठरत नव्हते. या लढ्यात एक बचत गट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, हे विसरता कामा नये. आणि अंगणवाडीतल्या मुलामागे रोजचे आठ रुपये २०१७ साली ठरले होते. त्यानंतर तुरीची डाळ कुठे गेली, तेल कुठे गेलं, ते प्रत्येक घराला माहीत आहे.

दुसरीकडे काय झालं? ब्राझीलने २००९ मध्ये कायदाच केला : शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला निदान ३० टक्के भाग लहान शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावर खर्च झाला पाहिजे, असं त्यात ठरलं. तिथे आहारतज्ज्ञ आधी त्या भागात कोणत्या महिन्यात काय पिकतं ते पाहतो आणि मग जेवणाची यादी ठरवतो. आपल्याकडे ओडिशाने २०१७ पासून भरडधान्य अभियान चालवलं. आदिवासी शेतकऱ्यांकडून नाचणी हमीभावाने घेतली, रेशनवर दिली, केओंझरसारख्या जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू दिले, आणि ते लाडू बचत गटांच्या बाया वळतात. पेरणी, खरेदी आणि ताट या तिन्ही टोकांना एकाच वेळी हात घातला, म्हणून ते टिकलं. नुसतं ‘भरडधान्य खा’ असं सांगून कुणी खात नाही आणि कुणी पेरतही नाही. २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष होतं. आपल्याकडे पाककृती स्पर्धा भरपूर झाल्या, पण ज्वारीखालचं क्षेत्र त्यामुळे वाढलं नाही.

ज्वारीचं बोलायचं तर हिंगोलीच्या हाताशी एक फार मोलाची गोष्ट आहे. शेजारच्या परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, आणि तिथून २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे वाण आलं. लोह आणि जस्त जास्त असलेलं हे देशातलं पहिलं ज्वारीचं वाण. साध्या ज्वारीत किलोला साधारण ३० मिलिग्रॅम लोह असतं, यात ४५. जस्त २० ऐवजी ३२. रक्तक्षयाच्या गोळ्या वाटणाऱ्या जिल्ह्याच्या इतक्या जवळ हे बी तयार झालं आहे. अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ पासून रेशनवर भरडधान्य द्यायची मुभा आहे. ज्या तालुक्यात ज्वारी खाल्ली जाते, त्या तालुक्यात पिकलेली ‘शक्ती’ हमीभावाने घेऊन त्याच तालुक्याच्या रेशन दुकानांत आणि आश्रमशाळांत दिली, तर ज्वारी पेरायला कुणाला सांगावं लागणार नाही. कडबा राहील तो वेगळाच. कडबा मिळेना म्हणूनच तर जनावरं विकावी लागली आहेत.

हे स्वप्नरंजन नाही, कारण जवळच झालेलं आहे. कधीकाळी आपल्याच निजामी मुलखात असलेल्या जहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायांच्या संघमांनी नव्वदच्या दशकात स्वतःचं धान्य वाटप उभं केलं. गावातल्या पडीक जमिनी कर्ज देऊन कसायला लावल्या, कर्जाची परतफेड पैशात न घेता ज्वारीत घेतली. ती ज्वारी गावातच कणग्यांत, कडुनिंबाचा पाला घालून साठवली आणि पावसाळ्याच्या तंगीत गावातल्याच गरीब घरांना स्वस्तात दिली. सगळ्यात गरीब कोण, हे गावाने एकत्र बसून ठरवलं. धान्य गावाच्या हद्दीबाहेर गेलंच नाही. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनाही त्यात वाटा होता, म्हणून परसबागेपेक्षा हा प्रयोग मला जास्त पूर्ण वाटतो.

शेतकरी उत्पादक कंपन्यांबद्दल थोडक्यात. राज्याचे ‘स्मार्ट’ आणि ‘पोकरा’ हे शेतीचे प्रकल्प, दहा हजार कंपन्यांची केंद्र सरकारची योजना यांमुळे जिल्ह्यात त्या बऱ्याच झाल्या. सोयाबीन, हरभरा, हळद यांत त्यांना गती आहे. त्यांच्याकडे चाळणी आहे, गोदाम आहे, वजनकाटा आहे. डाळमिल टाकून तालुक्यातल्या शाळांची डाळ देणं त्यांना जमण्यासारखं आहे. त्यांना निविदेत उभं राहता यावं एवढ्या लहान आकाराच्या निविदा, तालुक्याऐवजी शाळांच्या एकेका केंद्रापुरत्या, काढायला हव्यात. भाजीसाठी मात्र कंपनी नको. दहा-बारा बायांचा गट, एक विहीर आणि शाळेशी बोलणं, एवढं पुरतं.

औंढा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मागच्या पावसाळ्यात गेलो होतो. हापशाचं सांडलेलं पाणी चर काढून मागच्या भिंतीकडे वळवलेलं, तिथे शेवग्याची तीन झाडं, कारल्याचा वेल आणि दोन वाफे पालक. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी डाळ उकळायला लागल्यावर शेवग्याचा कोवळा पाला ओरबाडून आणला, निवडला आणि चुलीवरच्या पातेल्यात टाकला. पोरं रांगेत होती. बाईंना विचारलं, पाला मुलं खातात का? त्या म्हणाल्या, पहिले आठ दिवस बाजूला काढत होती, आता मागतात. मग त्यांनीच मला विचारलं, शनिवारी आमच्या गटाची चार किलो गवार निघणार आहे, ती शाळेत दिली तर पैसे कधी मिळतील. गुरुजी शेजारीच उभे होते. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.